हो सर

"रोज हो म्हणत होतात ना? मग हे काय?" तावडे सरांनी चाचणीचे पेपर टेबलावर आपटले. आठवीच्या चाळीस मुलांपैकी एकतीस जण गणितात नापास झाले होते.

हा वर्ग त्यांच्या बायकोचा. शैलाबाई दोन महिन्यांपूर्वी आजारपणात गेल्या, तेव्हापासून सरच त्यांचे तास घेत होते. अभ्यासक्रम मागे ठेवते म्हणून त्यांनी शैलाला कितीदा तरी ऐकवलं होतं. आता तो वेळेच्याही पुढे होता. रोज तास संपताना सर विचारत, "समजलं ना?" आणि अख्खा वर्ग एका सुरात म्हणे, "हो सर."

"समजलं नव्हतं, तर हो कशाला म्हणायचात?" त्यांनी पहिल्या बाकावरच्या कल्याणीला विचारलं.

"तुम्हाला बरं वाटावं म्हणून, सर." मागे कुणीतरी फिसकन हसलं. कल्याणी मात्र हसली नाही. "बाई समजलं का, असं कधी विचारायच्याच नाहीत. कुठं अडलं, ते विचारायच्या. आणि सांगेपर्यंत बाकाजवळून हलायच्या नाहीत."

सर खुर्चीत बसले. शैला अंथरुणाला खिळली होती, तेव्हा शाळेला निघताना तेही रोज दारातून विचारायचे, "बरं आहे ना?" पायांत चपला घातलेल्याच असायच्या. शैला रोज हो म्हणायची.

कुठं दुखतंय, हे विचारायला ते एकदाही तिच्या खाटेपाशी थांबले नव्हते.