धंद्यातला जावई

मुलगी त्याला घेऊन दुकानात शिरली तेव्हा वडील ओंडक्यावर मटण तोडत होते. त्यांनी मानही वर केली नाही. गल्ल्यावर बसलेल्या आईनं मात्र चष्मा सारखा केला आणि त्याला नखशिखान्त पाहून घेतलं.

"बाबा, हेच ते," मुलगी म्हणाली.

"धंदा काय?"

जावई करीन तर आपल्या धंद्यातलाच, हे वडिलांनी इतक्यांदा बजावलं होतं की दुसरं काही विचारायची गरजच नव्हती.

"बटर बनवतो," तो म्हणाला.

"म्हणजे गाई-म्हशी आहेत?"

"नाही. शेंगदाण्याचं बटर. बदामाचं, काजूचंही."

सत्तूर हवेतच थांबला. "शेंगदाण्याला आचळं कधी फुटली?"

त्याचे कान लालबुंद झाले, पण तो जागचा हलला नाही.

"मटण खाता?"

"नाही."

"ऐकलंस?" वडील गल्ल्याकडे वळले. "मटणवाल्याचा जावई, आणि..."

"तुम्ही तरी घरी कुठे खाता?" आई म्हणाली. "वाढलं की नाक मुरडता. दिवसभर वासानंच पोट भरतं म्हणे."

वडिलांनी ते कानाआड केलं. त्यानं पिशवीतून बरणी काढून पुढे केली. "चाखून तरी बघा."

दुकानात चमचा कुठला? वडिलांनी बारकी सुरी धुतली, बरणीत खुपसली आणि भलामोठा गोळा तोंडात टाकला.

आणि जीभ टाळूला चिकटली ती सुटेचना. त्यांनी हात हलवले, डोळे वटारले, पण "म्हं, म्हं" पलीकडे शब्द फुटेना.

त्यांच्यासमोर आजवर घरात कुणाचंच वाक्य पूर्ण झालं नव्हतं. मुलीनं संधी साधली.

"बाबा, इस्पितळात मी रोज पेशंटना हेच सांगते. अन्नाचे गट असतात. धान्यांचा, भाज्यांचा, फळांचा, दुधाचा. आता नावात बटर आहे म्हणून हे काही दुधात जात नाही. शेंगदाणे, बदाम, काजू आणि त्यांचं बटर, सगळं प्रथिनांच्या गटात. त्या गटात आणखी कोण? डाळी, अंडी, मासे आणि तुमचं मटण! मग धंदा एकच झाला की नाही? यांच्या मालाला हाडं नाहीत, एवढाच काय तो फरक. आणि लग्न मी यांच्याशीच करणार."

शेवटचं वाक्य तिनं घाईघाईनं उरकलं, कारण आईनं पाण्याचा ग्लास पुढे केला होता.

वडील घटाघटा पाणी प्यायले. मग त्यांनी रस्त्यापलीकडच्या दुकानाकडे बोट दाखवलं. तिथल्या माणसाशी त्यांचं कैक वर्षं बोलणं नव्हतं.

"म्हणजे तो मासेवालाही आमच्याच गटात?"

"हो, बाबा."

"त्याला वगळता येत नाही?"

"नाही."

हे पचवायला वेळ लागला. मग त्यांनी तरुणाचा हात धरून उलटा केला. बोटांवर भाजल्याचे डाग होते.

"भट्टीचे?"

"हो. दाणे मीच भाजतो. दुसऱ्याच्या हातून करपतात."

"आणि आत काय काय घालतोस?"

तो 'तू' ऐकून आईनं मान वर केली.

"दाणा आणि मीठ. बाकी काही नाही."

"हं."

तेवढ्यात नेहमीच्या आजी पायरी चढून आल्या. त्यांनी ओंडक्याशी उभ्या असलेल्या अनोळखी पोराकडे पाहिलं, मग मुलीकडे, आणि त्यांच्या सगळं लक्षात आलं.

"अरे वा! पाहुणे तुमच्यातलेच का?"

मुलीनं वडिलांकडे पाहिलं. वडिलांनी पुन्हा सत्तूर उचलला.

"आमच्यातलेच," ते म्हणाले. "प्रथिनांतले."