एकदांडीचा फोटो

मुखेडच्या रस्त्याकडेला एकदांडीची रानफुलं वाऱ्यानं डोलत होती. विज्ञानाची शिक्षिका मालविका गवतात पालथी पडून, कॅमेऱ्याला डोळा लावून त्यांचे फोटो काढत होती. पण फूल स्थिर राहीना.

"अहो, जरा देठ धरा ना," मागं न बघताच ती नवऱ्याला, अंबरीशला म्हणाली.

देठ हलायचा थांबला.

"थोडं डावीकडं." फूल डावीकडं झुकलं.

"आता वर करा." फूल अलगद वर झालं. तिनं मनासारखा फोटो टिपला.

"मालू, झालं का गं?" अंबरीशची हाक लांबून, रस्त्यावरच्या गाडीजवळून आली. "लई ऊन हाय. मी कधीचा इथं थांबलोय."

डोळा न काढता मालविकेनं कॅमेरा हळूच खाली नेला. देठापाशी कुणाचीच बोटं नव्हती.

मग तिची हनुवटी कुणीतरी अलगद वर उचलली.