पायाखालचं ऊन

दिवेलागणीला शरयूने सवयीप्रमाणे विजेच्या बोलत्या मीटरला विचारलं, "दहापर्यंतचा खर्च किती रे होईल?" मावळतीबरोबर गच्चीवरची सोलर पॅनेलं निजत आणि विजेचा दर रात्री दहापर्यंत तिप्पट होई. म्हणून सासऱ्यांचं, अण्णांचं, श्वासाचं यंत्र तेवढा वेळ मंद ठेवावं लागे.

"एकवीस रुपये," मीटर म्हणालं. "आजपासून रात्रीही दुपारचाच दर."

"बिघडलंय मेलं!" म्हणत ती गच्चीवर जाऊन पॅनेलला हात लावून आली. "पॅनेल तर गार पडलंय. मग ही वीज कुठली?"

"चिलीच्या वाळवंटातली. तिथे आत्ता सकाळचं ऊन आहे. समुद्राखालची तार आज जोडली."

शरयूने यंत्राचं बटण पूर्ण फिरवलं. अण्णांची छाती हवेने पूर्ण भरली. कित्येक वर्षांनी संध्याकाळच्या वेळी ते न थांबता एक अख्खं वाक्य बोलले, "हे वाळवंट म्हणजे नेमकं आलं कुठं?"

"जवळजवळ तुमच्या पायाखाली, पृथ्वीच्या पलीकडच्या अंगाला," मीटर म्हणालं.

अण्णांनी चटकन दोन्ही पाय खुर्चीवर उचलून घेतले. मग सावकाश वाकून फरशीला हात लावला आणि तो कपाळी नेला.