दोनच्या वर

काळी चिकटपट्टी. दोन आरसे. प्रयोगातला जोडीदार आजारी. उद्या परीक्षक. एक पूर्णांक एक्क्याण्णव. प्रकाशकणांची जोडी एकमेकांत गुंतलेली आहे हे दाखवायला उत्तर दोनच्या वर यायला हवं, आणि महिनाभर ते खालीच अडून बसलेलं. शेवटी विद्यार्थिनीने प्रयोगशाळेच्या शिपाईकाकांना मोजणीची कळ दाबायला आत बसवलं. दिवे मालवले. काका म्हणाले, “पोरी, काळोख म्हणतेस, मग माझ्या स्वेटरची बटणं मला कशी दिसतायत?” दाराखालच्या फटीतून उजेड झिरपत होता. काकांनी अंगातला स्वेटर काढून फटीत कोंबला. पुन्हा मोजलं. दोन पूर्णांक एकतीस. तिचे डोळेच भरून आले. “काका, तुमचे उपकार कसे फेडू?” “उपकार कसले? इतक्या वर्षांत मला ‘बसा’ म्हणणारी तूच पहिली,” काका कुडकुडत हसले. जुन्या प्रयोगवह्यांमध्ये मात्र आधीच्या सातही तुकड्यांचं उत्तर एकच आहे, अगदी शेवटच्या आकड्यापर्यंत एकमेकांवरून उतरवलेलं.