वडील हयात नाहीत

“वडील हयात नाहीत, असं लिहिलंय इथे,” बाई फॉर्मवरून नजर न काढता म्हणाल्या. “मग आपण कोण?”

किल्लीवाल्याच्या हातातली कानस थांबली. पकडीतली किल्ली अर्धीच घासून झाली होती. त्याने आधी बाईंकडे पाहिलं, मग आतल्या दारात उभ्या असलेल्या मुलीकडे. मुलगी फरशीकडे बघत होती.

असं कुणी घरी येईल हे तिच्या ध्यानीमनीही नव्हतं. फार्मसीला तिचा नंबर लागला होता आणि फी भरायला शुक्रवारपर्यंतची मुदत होती. बापाने महिनाभर जोडे झिजवले. बँकेला जामीन हवा होता. नातेवाईक ‘बघू’च्या पुढे सरकत नव्हते. उरली होती ही एक छोटी संस्था. ती चारही वर्षांची फी भरणार होती, पण फक्त आईबाप नसलेल्या मुलींची. आई तर ती तीन वर्षांची असतानाच गेली होती. म्हणजे अर्धं खरंच होतं. उरलेलं अर्धं तिने एका दमात लिहिलं आणि फॉर्म टपालात टाकला. घरी चकार शब्द काढला नाही.

“मी चुलता तिचा,” किल्लीवाला म्हणाला. उठून त्याने खुर्चीवरचा पितळेचा भुगा झटकला. “बसा ना.”

बाई बसल्या. दाखले मागण्यापेक्षा घरी जाऊन बोलायचं, ही त्यांच्या संस्थेची रीत होती.

“कशाने गेले?” त्यांनी हळू आवाजात विचारलं.

“छातीत कळ आली. काम करता करताच गेला. कुणाला उस्तवार करावी लागली नाही.”

“फोटो दिसत नाही त्यांचा.”

“हौस नव्हती त्याला. आणि तोंडही काही फोटो काढण्यासारखं नव्हतं.”

बाई किंचित हसल्या. मुलीने मान वर करून बापाकडे पाहिलं. तिची वेणी घालता यावी म्हणून जो माणूस शेजारणीकडे जाऊन वेणी घालायला शिकला होता, तो स्वतःच्या मरणाची हकीकत सांगत होता आणि कुठे अडखळतही नव्हता.

“माणूस कसा होता?”

 आता मात्र तो कानशीचे दाते अंगठ्याने चाचपत राहिला.

“बरा होता. पोरीवर जीव होता त्याचा. पण कमवायला कच्चा. तिला शिकवीन, शिकवीन म्हणायचा. ते काही त्याच्याच्याने झालं नाही.”

बाईंनी मान हलवली. पेनाचं टोपण काढलं आणि फॉर्मच्या तळाशी शेरा लिहायला घेतला.

“बाबा, पुरे!” मुलगी पुढे धावली. तिला रडू आवरेना. “लिहू नका बाई. मी खोटा फॉर्म भरलाय. हे काका नाहीत. बाबा आहेत हे माझे!”

पेन कागदावर टेकलेलंच राहिलं. बाईंनी एकदा तिच्याकडे पाहिलं, एकदा त्याच्याकडे.

“काय हो?”

किल्लीवाल्याने मुलीला जवळ ओढलं. तिचं डोकं आपल्या खांद्यावर दाबून धरलं, तिला पुढे बोलताच येऊ नये इतकं घट्ट.

“भाऊ गेल्यापासून ती मलाच बाबा म्हणते,” तो म्हणाला. “तुम्ही लिहा.”