टिबुकलीचा पत्ता

डंपर रिव्हर्समध्ये मागे येत होता आणि लेखिकाबाई हात पसरून त्याच्या वाटेत उभ्या होत्या. गळ्यात दुर्बीण, बूट चिखलाने भरलेले. त्यांच्या पाठीशी दलदल होती. अर्धीच उरलेली, बाकीची केव्हाच राडारोड्याखाली गेली होती.

ड्रायव्हरने करकचून ब्रेक दाबला आणि डोकं बाहेर काढलं. "अहो बाई, जीव नकोसा झालाय का?"

"इथे काही टाकू नका." आवाज रडवेला निघाला, याचा बाईंना स्वतःचाच राग आला.

"या डबक्यापायी मराल? डासांचा कारखाना नुसता!"

त्याला चांगलं सुनवायचं म्हणून बाई तरातरा केबिनपाशी गेल्या आणि तिथेच थबकल्या. काचेच्या आतल्या कोपऱ्यात वर्तमानपत्राचं कात्रण चिकटवलेलं होतं. रविवारचा लेख. त्यांचाच.

बाईंचा एक नियम होता. इतकी वर्षं त्या या दलदलीवर लिहीत होत्या, पण ती कुठे आहे ते कधी लिहिलं नाही. गर्दी होईल, फोटोवाले घरट्यांपर्यंत घुसतील, पाखरं उठून जातील. संपादकांनी हात जोडले, सख्खी बहीण रुसून बसली, तरी बाईंनी ताकास तूर लागू दिली नव्हती.

"तुम्ही वाचता हे?"

"बायको वाचून दाखवते, मी ऐकतो." ड्रायव्हरचा चेहरा एकदम सैलावला. "यातली ती टिबुकली. पिलांना पाठीवर घेऊन पोहते. घरट्यावरून उठताना अंडी ओल्या गवताने झाकून जाते, कुणाला दिसू नयेत म्हणून. बायकोने ध्यासच घेतलाय, मला तिथे न्या. लग्न झाल्यापासून काही मागितलं नाही बिचारीने, मागितलं ते एवढंच. आणि लिहिणारी बया पत्ता देईल तर शपथ! तुम्ही दुर्बीणवाल्या. तुम्हाला ठाऊक असेल, कुठे आलं हे?"

हसावं की रडावं, बाईंना कळेना. त्यांनी नुसतं बोट दाखवलं. राडारोड्यापासून हातभर अंतरावर एक तपकिरी पाखरू पाण्यावर तरंगत होतं. त्याच्या पाठीवरच्या पिसांतून इवलंसं डोकं वर आलं.

ड्रायव्हर बघत राहिला. मग त्याने सकाळपासून आपणच ओतलेल्या ढिगांकडे पाहिलं.

"अरे देवा! काखेत कळसा नि गावाला वळसा म्हणतात. मी तर कळसाच पुरत होतो!"

त्याने डंपर भरलेलाच पुढे नेला, अरुंद वाटेवर आडवा लावला आणि किल्ली खिशात टाकली. मुकादमाचा फोन आलाच. "गाडी बंद पडलीय, साहेब. हो ना, नेमकी वाटेत. मागून येणाऱ्या डंपरांनाही आत येता यायचं नाही." मग त्याने बायकोला फोन लावला. "अगं, सापडली! हो, तीच! थांब, पत्ता या बाईंकडून घे."

बाईंनी फोन हातात घेतला. आपण इतकी वर्षं झाकत राहिलो आणि ज्याला दिसायला हवं होतं त्यालाही दिसलं नाही, हे त्यांच्या जिवाला फार लागलं. त्यांनी पत्ता सांगितला. पेट्रोलपंपावरून डावीकडे, मग गोदामांच्या मागे, शेवटपर्यंत.

"आणि एकट्या येऊ नका," त्या म्हणाल्या. "शेजारीपाजारी, भेटेल त्याला घेऊन या. लवकर या. अजून अर्धी शिल्लक आहे."