पिवळ्याचं औषधपाणी

पिवळा मासा काचेच्या टाकीच्या कोपऱ्यात तोंड खुपसून धापा टाकत होता. अंगभर मीठ भुरभुरल्यासारखे पांढरे ठिपके. ते पाहून डॉक्टरने हातातलं काम बाजूला ठेवलं.

खरा डॉक्टर नव्हे हो. हात हलका म्हणून सोबतीचे लोक त्याला तसं म्हणत. भरदुपारी इमारत सामसूम होती, घरची माणसं कामावर गेलेली. बूट पिशवीत टाकून तो मोज्यांवरच टाकीपाशी गेला आणि आधी वरचा लख्ख दिवा मालवला.

"घाबरू नकोस राजा," तो कुजबुजला.

खाऱ्या पाण्यातल्या माशांची दुखणी त्याला चांगली ठाऊक होती. पूर्वी त्याच्याकडेही अशीच टाकी होती. मग त्याला वर्षभर घरापासून लांब राहावं लागलं, बघणारं कुणी नव्हतं आणि सगळे मासे गेले.

इथे रोग तर होताच, वर एक निळा दांडगोबा पिवळ्याला सारखा ढुशा देत होता. भेदरलेलं पोर दुखण्याशी झगडणार तरी कसं? त्याला वेगळं ठेवायला बादली काही सापडेना. घरातली सगळी कपाटं उघडून झाली होती. शेवटी ती मोरीत मिळाली. डॉक्टरने तिच्यात टाकीचंच पाणी घेतलं, हवेची नळी सोडली, पिवळ्याला अलगद आत ठेवलं. टाकीखालच्या कप्प्यात ठिपक्यांवरचं औषध होतं, ते मोजून घातलं आणि बादली टॉवेलने अर्धी झाकली.

एवढ्यात दाराची बेल वाजली. मासा दचकला, डॉक्टरही दचकला. दोघं गप्प राहिले. वाजवणारा कंटाळून निघून गेला.

हळूहळू पिवळ्याची धाप ओसरली. चिमूटभर खाणं टाकलं, तर पठ्ठ्याने तेही मटकावलं. डॉक्टरला इतकं हायसं वाटलं की तो तिथेच फरशीवर फतकल मारून बसला.

आता निघायला हवं होतं. पण औषध रोज द्यायचं, पाणी रोज बदलायचं; कुणी पिवळ्याला पुन्हा टाकीत सोडलं की सगळी मेहनत फुकट. घरच्या बाईंना सांगणं भागच होतं. टेलिफोनशेजारी त्यांचा मोबाइल नंबर चिकटवलेला होता. हो-नाही करत त्याने तो लावला आणि सगळं नीट समजावलं.

बाई गोंधळल्या. "हा तर आमच्याच घरचा नंबर. कोण बोलतंय?"

रिसीव्हर कानाशी धरून डॉक्टरने बूट चढवले, जड झालेली पिशवी खांद्याला लावली.

"दागिन्यांचं कपाट पाहिलंत की कळेल," तो हळूच म्हणाला. "पोलिसांना तेवढं सांगा, आत येताना आवाज करू नका. पिवळ्याला सोसायचं नाही."